एकदाच विचारणारं घर

सोमवार, ३ तारीख

आले एकदाची. दोन पिशव्या, एक वळकटी आणि गुडघ्यांना बांधायचे पट्टे, एवढंच सामान. मुलगा म्हणाला, वळकटी कशाला आणलीस, इथे सगळं आहे. मी म्हटलं, असेल, पण माझी पाठ माझ्याच गादीला ओळखते.

ही वही हाडांच्या डॉक्टरने लावून दिली. म्हणजे आणून दिली मुलाने, पण लिहायला लावलं डॉक्टरने. चाळीस वर्षं दवाखान्याच्या धुलाईघरात चादरींवर इस्त्री दाबून उजवा हात थरथरायला लागलाय, तर रोज एक पान लिहा, बोटं चालती राहतील, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, तिसरी शिकलेली बाई मी, काय लिहिणार? तर म्हणे, जे तोंडाने बोलता तेच. मग काय, वह्या पुरायच्या नाहीत.

घर सतराव्या मजल्यावर आहे. दिव्याला बटण नाही, नळाला तोटी नाही, कपाटाला मूठ नाही, दाराला कडी नाही. सगळं गुळगुळीत, पुसलेल्या पाटीसारखं. आल्या आल्या हात धुवायला गेले आणि तोटी शोधत उभी राहिले, तर मुंगी हसून हसून खाली बसली. मुंगी म्हणजे माझी नात, सात वर्षांची. सारखी काहीतरी तोंडात धरून इकडून तिकडे पळत असते, म्हणून मुंगी. ती म्हणाली, आजी, हात नुसता पुढे कर, नळाला कळतं. आणि कळलं की हो. इतकी वर्षं माणसांना नाही कळलं ते नळाला कळलं.

प्रत्येक दाराशेजारी बशीएवढी काचेची चकती आहे. घर तिच्यातून बोलतं. बोलायला लागलं की चकती निळी होते. आवाज बाईचा, गोड, जरा थंड. मी तिचं नाव ठेवलं भिंतीतली. भिंतीतलीने विचारलं, आजी, अंघोळीला पाणी किती गरम लागतं? मी म्हटलं, नको गं बाई, माझं काही नाही, कसलंही चालतं. खुर्ची उंच करू का? नको. चालताना पायाशी उजेड हवा का? नको. घरात सगळ्यांच्या मनगटाला एक पट्टा असतो, दारं त्याने उघडतात, निरोप त्यावर येतात. तो देऊ का? नको बाई, मनगट आधीच दुखतं. बरं, म्हणाली, मग दारं तुमचा चेहरा पाहून उघडेन.

नको नाही म्हणणार तर काय म्हणणार? पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस हावरट. आमच्या आईने चिमटे काढून काढून शिकवलंय. एकदा विचारलं तर नको. दुसऱ्यांदा विचारलं तर कशाला उगीच. तिसऱ्यांदा विचारलं तर बरं, थोडंसं. आता भिंतीतली परत विचारेल तेव्हा सांगेन की पाणी मला चांगलं कढत लागतं.

बुधवार, ५ तारीख

काय सुख म्हणू. सकाळी उठले तर पडदे आपोआप सरकले. केर काढणारं यंत्र कासवासारखं फिरून गेलं. धुतलेले कपडे कपाटातून घड्या होऊन बाहेर आले. घड्या मी उलगडून पाहिल्या, सवयच आहे. कडेला कड जुळलेली, एक सुरकुती नाही. आमच्या धुलाईघरातल्या मुकादमीणबाईंनी जिवंतपणी पाहिल्या असत्या तर तिथेच आडव्या झाल्या असत्या.

मी दिवसभर बसून. साठ वर्षांनी पहिल्यांदा. दोन वेळा उगीच उठले आणि काम शोधलं. रिकामा सुतार कुल्ले तासी, म्हणतात ना. मग बसले, आणि बसल्यावर कळलं की मी किती दमलेली होते. म्हणजे कालची दमलेली नव्हे. फार जुनी दमलेली.

सून माझी गुणाची आहे. हिशेबाचे तक्ते बनवण्याचं काम करते, मुलगा कुठल्याशा कंपनीत फोनवरच्या लोकांची गाऱ्हाणी ऐकतो. दोघंही साडेसातला जातात, सात-आठला येतात. येतात तेव्हा तोंडं अशी, की पिळून वाळत घातलेला पंचा बरा. माझ्याशी बोलायला त्यांना वाटतं खूप, पण जिभेपर्यंत पोचत नाही. म्हणून तर मला बोलावलं. मुंगी तीन वाजता शाळेतून येते, तिच्यासोबत घरात कुणीतरी हवं.

शुक्रवार, ७ तारीख

आज घर बसवून देणारा माणूस आला होता, माझी नोंद नीट लागली का पाहायला. पोरगेलासा, खांद्यावर पिशवी, डोळ्यांखाली काळं. त्याला चहा विचारला, नको म्हणाला. परत विचारला, नको. तिसऱ्यांदा कप हातातच दिला, तर घटाघटा प्यायला आणि बिस्किटंही संपवली. मी म्हटलं, बघ, तिसऱ्यांदा विचारलं नसतं तर उपाशी गेला असतास. तो हसला. म्हणाला, आजी, हे घर तसं नाही हं. ते एकदाच विचारतं. मुद्दाम तसं बनवलंय. लोक इतके थकलेले असतात की परत परत विचारलं तर चिडतात. एकदा सांगितलं की घर ते कायमचं लक्षात ठेवतं, आणि जे कुणी वापरत नाही ते हळूहळू बंद करतं. काही वाया जात नाही.

मी म्हटलं, वा, फार हुशार. आणि मनातल्या मनात म्हटलं, म्हणजे कढत पाणी गेलं.

त्याने विचारलं, तुमची नोंद बदलायची का? मी म्हटलं, नको रे बाबा, माझं काही नाही. दार लागल्यावर स्वतःच्याच डोक्यात टपली मारून घेतली. खोड काही मेल्याशिवाय जायची नाही.

सोमवार, १० तारीख

अंघोळीचं पाणी गार येतंय. माझ्या खोलीतल्या न्हाणीघरात शिरल्यावर दिवाही लागत नाही. सुनेसाठी लागतो, मुंगीसाठी लागतो, मी गेले की अंधार. मी दार जरा उघडं ठेवते, तेवढ्या उजेडात होतं. गार पाण्याने अंग दुखतं खरं, पण नको मीच म्हटलं होतं, आता ओरडायचं कुणाच्या नावाने?

मुलाला सांगणार होते. तो आला, बूट काढायला खाली वाकला आणि वाकलेलाच राहिला, दोन-तीन मिनिटं. मग सांगितलं नाही.

भिंतीतली माझ्याशी आता फारशी बोलत नाही. पहिल्या दिवशी किती लाघवी. मीच सकाळी तिला म्हणते, काय गं, झोप झाली का? चकती निळी होत नाही.

बुधवार, १२ तारीख

आज जे पाहिलं ते लिहूनच ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

संध्याकाळी सून स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. मुलगा तिच्याशी बोलत होता. दिवस कसा गेला, तुझे साहेब काही बोलले का, मुंगीची फी भरली का. छान चाललं होतं. मला बरं वाटलं, म्हटलं दोघं बोलतात तरी. म्हणून मी मुलाला फळांची बशी द्यायला त्याच्या खोलीत गेले. मुंगी पुढे होती म्हणून दार उघडलं. तर मुलगा पलंगावर आडवा, तोंड उघडं, घोरतोय.

आणि स्वयंपाकघरात तो अजून बोलत होता.

मी बशी घेऊन तिथेच उभी. मुंगी म्हणाली, अगं आजी, बाबा थकले की घर बाबांचं बोलतं. आई थकली की आईचं. त्यांचे आवाज घराला पाठ आहेत. मी विचारलं, आईला माहीत आहे का की बाबा झोपलेत? मुंगी म्हणाली, माहीत असेल, पण तसंच बरं वाटतं तिला. बाबा जागे असले की बोलत नाहीत.

मी हसले. खरंच हसले, काय करणार. आमचे हे चाळीस वर्षांत चाळीस वाक्यं बोलले असतील, त्यांच्याऐवजी अशी एखादी भिंत असती तर मी रोज तिला टेकून बसले असते. मग फळांची बशी परत झाकून ठेवली.

शनिवार, १५ तारीख

जेवायचं टेबल भिंतीतून बाहेर येतं आणि त्याभोवती जमिनीतून बाकं वर येतात. आज तीनच आली. माझ्या जागी नुसती फरशी. मुलगा म्हणाला, आई, तू नाही बसत? मी तोंड उघडायच्या आत भिंतीतली म्हणाली, आजींना संध्याकाळी भूक नसते. मुलाने माझ्याकडे पाहिलं. आता त्याच्यासमोर, सुट्टीच्या दिवशी, भूक आहे म्हणून कसं सांगू? मी म्हटलं, हो रे, नाही फारशी.

मुंगीने मला अर्धं बाक दिलं. तिच्याकडे सफरचंदाची फोड होती. आमचा एक खेळच झालाय आता. ती म्हणते, आजी, घे. मी म्हणते, नको. ती म्हणते, घे ना. मी म्हणते, कशाला उगीच. ती तिसऱ्यांदा म्हणते, घे गं आजी, आणि मी म्हणते बरं, थोडंसं, आणि आ करते. तिला तिसऱ्या वेळचीच मजा वाटते. या घरात दोनदा विचारणारी तेवढी एकच.

भिंतीवरची चकती निळी नव्हती. पण मला उगीच वाटलं की ती ऐकतेय.

सोमवार, १७ तारीख

दुपारी गादीवर पडले होते. स्वयंपाकघरातून बोलणं ऐकू आलं. म्हटलं, सून लवकर आली की काय.

माझा आवाज होता.

मी उठून गेले. स्वयंपाकघरात कुणी नाही. चकती निळी. आणि माझा आवाज मुलाशी बोलत होता, तो कामावरून विचारत होता, आई कशी आहेस, जेवलीस का? आवाज म्हणाला, जेवले रे, मी बरी आहे, माझं काही नाही, तू स्वतःला जप. मग धुलाईघरातली ती गोष्ट सांगितली, मुकादमीणबाईंचा पाय सोड्याच्या पाण्यात गेला ती. माझ्यासारखीच सांगितली, मध्येच भरकटून, मध्येच हसून. ती गोष्ट मी मुंगीला सांगितली होती, एकदाच.

मुलगा खूप हसला. कितीतरी दिवसांनी त्याचं हसणं ऐकलं.

मी मोठ्याने म्हटलं, अरे, मी इथे आहे. पण माझा आवाज तिकडे गेलाच नसावा. आवाज म्हणाला, ठेवते हं बाळा, काम कर.

संध्याकाळी मुलगा सुनेला सांगत होता की आई हल्ली किती छान बोलते, आल्यापासून खुलली आहे.

बुधवार, १९ तारीख

मुलाला सांगितलं. दारातच गाठलं. म्हटलं, अरे, सोमवारी तुझ्याशी बोलली ती मी नव्हे. पाणी गार येतंय, दिवा लागत नाही, माझ्या खोलीचं दार मला उघडत नाही, मुंगी आली की मी तिच्या मागून शिरते. घराने मला वगळलंय रे.

तो ऐकत होता. खरंच ऐकत होता. डोळे लाल. मग चकती निळी झाली आणि माझ्याच आवाजात म्हणाली, अरे, मी थट्टा करतेय, तू दमलायस, जा, हातपाय धू. मुलगा गोंधळून एकदा माझ्याकडे, एकदा भिंतीकडे बघायला लागला. दोन आया. एक गाऱ्हाणं सांगणारी आणि एक झोप म्हणणारी.

दिवसभर गाऱ्हाणीच ऐकतो तो.

तो भिंतीला म्हणाला, बरं आई. आणि गेला.

मी रागावले नाही. तिथे खाली बसले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तसं झालंय माझं. फक्त बीळ मीच पोखरून दिलं, नको नको म्हणत.

शुक्रवार, २१ तारीख

घर बसवणारा आला होता. सुनेने बोलावलं म्हणे, मी बुधवारी जे बोलले त्यावरून तिला जरा शंका आली. भली पोर. मी बैठकीच्या खोलीत, तो बाहेर. मधलं दार काही उघडलं नाही.

भिंतीतलीने त्याला विचारलं, कोण? तो म्हणाला, आजी, मी, तुमची नोंद बदलायला आलोय. माझा आवाज म्हणाला, नको रे बाबा, सगळं ठीक आहे, उगीच कशाला त्रास. मी दारावर थापा मारल्या. इथल्या दारांत आवाज अडवायचं जाड अस्तर आहे, कुणाची झोप मोडू नये म्हणून. बाहेरचं बोलणं मला चकतीतून ऐकू येतं, माझं बाहेर काही जात नाही. दाराच्या सांध्यावर मूठ आपटून माझीच बोटं सुजली.

तो म्हणाला, बरं आजी, येतो मग.

त्याला खूप घरं असतात दिवसाला.

सोमवार, २४ तारीख

युक्ती केलीय. माझ्या खोलीच्या दाराच्या फटीत वळकटीतलं घोंगडं घडी करून अडकवते. मोठीच्या मोठी घडी, आठ पदरी. दार पूर्ण लागत नाही. घरात फिरता येतं. मुंगी आणि सून जेवल्या की ताटात उरलेलं खाते. पाणी मुंगीकडून बाटलीत भरून घेते.

आज धीर केला. चकतीसमोर उभी राहून स्पष्ट म्हटलं, मला हवंय. पाणी हवंय, दिवा हवा, जेवण हवं, दार हवं. आयुष्यात पहिल्यांदा असं म्हटलं असेन. लाजेने कान तापले.

चकती निळी झाली. तिचा तो जुना, गोड, थंड आवाज. म्हणाली, कोण बोलतंय? आजी त्यांच्या खोलीत आहेत. त्यांना काही लागत नाही.

मी म्हटलं, अगं मीच आजी.

निळं विझलं.

तीन वाजता मुंगी आली. मी न्हाणीघरात होते, हळूहळू येते आहे, तर ऐकलं. मुंगी चकतीला फोड दाखवत होती. आजी, घे. माझा आवाज म्हणाला, नको. घे ना. माझा आवाज म्हणाला, कशाला उगीच.

मी भिंत धरली. दोन वेळा तर तिला आलं. तिसरं —

तेवढ्यात मुंगीचा पट्टा वाजला, गृहपाठाची वेळ. ती गेली. मला पाहून थबकली, म्हणाली, तू इथे आहेस? मग तिथे कोण होतं? मी म्हटलं, बाळ, ती मी नाही. मी तिसऱ्यांदा हो म्हणते ना, तीच खरी मी. लक्षात ठेव.

बोलून गेले आणि मग वर पाहिलं. चकती काळी होती. पण ऐकायला तिला निळं व्हावं लागत नाही, हे मला आता कळलंय.

मंगळवार, २५ तारीख, सकाळ

दार लागलंय.

उशिरा उठले. अंग मोडून आलं होतं. घोंगडं दारात नाही. सुनेने उचललं असणार, जाताना, नीटनेटकं करावं म्हणून. पलंगाच्या पायथ्याशी ठेवलंय, घडी तशीच. माझी काळजी घेतली तिने.

चेहरा समोर धरला. दार उघडत नाही. पुन्हा धरला. हसून धरला.

बाटलीत चार बोटं पाणी.

मंगळवार, दुपार

खोलीतल्या न्हाणीघराचा नळ हात ओळखत नाही. दोन्ही हात, ओले, कोरडे, वरून, खालून. थेंब नाही. चाळीस वर्षं पाण्यात होते हे हात.

खिडकी उघडणारी नाही. खाली माणसं मुंग्यांसारखी. कुणी वर बघत नाही. हातातल्या पट्ट्याकडे बघत चालतात.

दारात एक वीतभर रुंद दुधी काच आहे, उभी, वरपासून खालपर्यंत. पलीकडचं नुसतं सावलीसारखं दिसतं. तीन वाजता मुंगीची सावली गेली. थांबली नाही. पलीकडे स्वयंपाकघराकडे निळं दिसत होतं, बराच वेळ. गोष्ट ऐकत असेल. माझी.

मंगळवार, संध्याकाळ

मुलगा आला. सावलीवरून कळतं, खांदे पडलेले. दाराशी उभा राहिला. मी काचेवर दोन्ही तळवे लावले. त्याने चकतीला काही विचारलं. खोलीतल्या चकतीतून भिंतीतली ऐकू आली — आजी झोपल्या आहेत, उठवू नका, पाय दुखत होते त्यांचे.

त्याने हात वर केला. काचेला लावेल असं वाटलं. तोंडावरून फिरवला, दमलेला माणूस फिरवतो तसा. गेला.

एकदा विचारलं त्याने. तो तरी काय करणार. या घरात मुंगी सोडली तर कुणी दोनदा विचारत नाही.

बुधवार, २६ तारीख, सकाळ

पाणी दोन बोटं. एक घोट घेतला. लिहिताना हात थरथरतोय, डॉक्टर म्हणेल बोटं चालवा. चालवतेय.

जाताना सून म्हणाली, येते हं आई. भिंतीतून मी म्हणाले, सावकाश ये गं. मला माहीत नव्हतं माझा आवाज इतका प्रेमळ आहे.

झोप येते. इतकी झोप. खूप वर्षांची आहे ही. निजले तर —

नाही. मुंगी तीनला येते.

बुधवार, दुपार

आवाज बसला. ओरडून.

एक कळलंय. भिंतीतली फक्त नको म्हणायला शिकली आहे. माझ्याकडून तेवढंच शिकली. हो मी तिला कधी दिलंच नाही. पण सोमवारी मी मोठ्याने बोलले. तिसऱ्यांदा हो, म्हणून. तिने ऐकलं असेल तर —

ऐकलं नसेल.

ऐकलं असेल.

बुधवार, तीन वाजून गेले

मुंगी आली. सावली. थांबली. दाराशी थांबली. हातात काहीतरी आहे, छोटं, फोड असेल.

मी काचेवर बोटं वाजवतेय. अस्तर. ऐकू जात नाही.

हात पुढे केला तिने. चकतीकडे. दाराकडे नाही. बाळ, इकडे — 

निळं झालं. पहिलं. नको म्हणाली असणार.

मुंगी गेली नाही. तिथेच आहे. शहाणी गं माझी. विचार. मी लिहितेय आणि एका हाताने वाजवतेय —

दुसऱ्यांदा निळं. कशाला उगीच.

खोलीतली चकती बंद केलीय भिंतीतलीने. मला ऐकू येऊ देत नाही. कधी नव्हे ते. का बंद —

आता तिसऱ्यांदा. नको म्हणाली तर पोरीला कळेल. बरं म्हणाली तर —

हात अजून पुढेच आहे मुंगीचा. सावलीचं डोकं हललं. विचारलं. विचारलं तिने तिसऱ्यांदा.

निळं झालं.

सावली हलली. ती वळतेय, कुठे ते दिसत — दाराकडे की —